मोटर बंद तेव्हा २३०, चालू केली की १७२

"मिस्त्री, व्होल्टेजच नाही." परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यात मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं की हे वाक्य दिवसातून दहादा कानावर येतं. दुसऱ्या नंबरवर "करंट कमी यायलाय". बोलणाऱ्याला दोन्ही वेळा एकच सांगायचं असतं, की मोटर पाणी ओढंना. पण व्होल्टेज आणि करंट या वेगळ्या गोष्टी आहेत, मोजायची रीतही वेगळी, आणि दोघांच्या मध्ये रेझिस्टन्स नावाचा तिसरा गडी असतो, ज्याचं नाव गिऱ्हाईक कधीच घेत नाही.

दुकान नवीन होतं तेव्हा मीही घेत नव्हतो. एका मामांची एक एचपीची सिंगल फेज मोटर भरून (म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून) दिली, आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, जाऊन स्टार्टरपाशी मीटर लावला, २३० दिसले, "लाईट बरोबर आहे मामा" म्हणून पैसे घेऊन आलो. पंधरा दिवसांत मोटर परत दुकानात. वायंडिंग काळं ठिक्कर. मी २३० मोजले होते ते मोटर जोडायच्या आधी. चूक तिथंच होती. ती का चूक होती हे समजलं की व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्सचा अर्धा धडा झाला, म्हणून हा लेख त्याच वाटेनं नेतो. आयटीआयला नुकतं नाव घातलेल्या पोरांना आणि घरची लाईट स्वतः समजून घ्यायची आहे अशा कुणालाही जमेल. गुणाकार-भागाकाराच्या पुढं गणित नाही.

आधी ठिबक आठवा

पाण्याची उपमा सगळेच देतात. आपल्याकडं ठिबक घरोघर आहे, म्हणून मी ठिबकची देतो. टाकी जितकी उंच तितका दाब जास्त. तो दाब म्हणजे व्होल्टेज, मोजायचा व्होल्टमध्ये. नळीतून तासाला जेवढं पाणी जातं तो करंट, अँपिअरमध्ये. नळीची बारकाई, लांबी, ड्रिपरमध्ये साचलेले क्षार यांचा जो अडसर होतो तो रेझिस्टन्स, ओहममध्ये. शाळेच्या पुस्तकात यांनाच विभवांतर, विद्युतधारा आणि रोध म्हणतात. परीक्षेला तेच लिहा, दुकानात कुणी म्हणत नाही.

आता खरी कामाची गोष्ट. हळदीच्या रानात सगळे ड्रिपर बंद असतील आणि लॅटरलच्या (ओळीतल्या बारीक नळीच्या) शेवटच्या टोकाला दाबाचा काटा लावला, तर तिथंही टाकीइतकाच दाब दिसेल. पाणी वाहतच नाही, मग दाब खाणार कोण? ड्रिपर उघडा. लगेच शेवटच्या ओळीचा दाब पडतो आणि तिथली हळद सुकी राहते. वायरीतही हेच होतं. वाहायला लागल्यावरच दाब खाल्ला जातो.

उपमा इथंच सोडून द्या, फार ओढू नका. नळी तुटली तर पाणी भळाभळा वाहतं, वायर तुटली तर करंट थांबतो. करंटला बॅटरीच्या एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाला परत यायला पुरा फेरा लागतो.

सामान

घरच्या लाईटवर शिकू नका. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या. पाव वॅटचे रेझिस्टर घ्या: ४७० ओहम (पिवळा, जांभळा, तपकिरी पट्टा), १००० ओहम (तपकिरी, काळा, लाल) आणि २२०० ओहम (तिन्ही पट्टे लाल). चौथा सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडंतिकडं चालेल. सोबत साधा डिजिटल मल्टिमीटर आणि मगरीच्या तोंडाचे चिमटे लावलेल्या चार वायरी. एवढं तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं.

मीटरची काळी वायर 'कॉम' लिहिलेल्या भोकात कायम राहू द्या. लाल वायर व्होल्ट आणि ओहमसाठी एका भोकात, मोठ्या करंटसाठी दुसऱ्या. चकतीवर आडव्या रेघेखाली तुटक रेघ असेल तो डीसी, म्हणजे बॅटरीचा. नागमोडी रेघ असेल तो एसी, म्हणजे घरच्या लाईटचा. घोड्याच्या नालेसारखी खूण ओहमची.

पायरी पहिली: तिन्ही वेगवेगळे मोजा

रेझिस्टन्स मोजताना रेझिस्टर सुटा धरा, कशालाही जोडलेला नको. एक हजारवाला लावला तर ९८५ असं काहीतरी दिसेल. चालू सर्किटमध्ये ओहम मोजायचा नाही; आकडा खोटा येतो आणि मीटरही जाऊ शकतो.

व्होल्टेज नेहमी दोन जागांच्या मध्ये असतं. "या वायरला किती व्होल्टेज आहे?" हा प्रश्नच अर्धा आहे, कशाच्या तुलनेत ते सांगावं लागतं. मीटरची एक सुई बॅटरीच्या अधिकवर, दुसरी उण्यावर. नवी बॅटरी असेल तर नऊपेक्षा थोडं जास्तच, समजा ९.३ व्होल्ट दिसतील.

करंट मोजायला मात्र वाट तोडून मध्ये घुसावं लागतं. बॅटरीच्या अधिकपासून मीटर, मीटरपासून रेझिस्टर, रेझिस्टरपासून उण्याकडं. जो करंट रेझिस्टरमधून जाणार तो सगळा मीटरमधून गेला पाहिजे. चकती २० मिलिअँपिअरवर ठेवा (हजार मिलिअँपिअर म्हणजे एक अँपिअर). साधारण ९.४ दिसतील.

इथं नव्या पोरांची एक ठरलेली चूक होते. करंटवर ठेवलेला मीटर सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावतात, व्होल्टेज मोजल्यासारखा. करंटच्या जागी मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स नगण्य असतो, त्यामुळं तो शॉर्टच झाला. बॅटरीवर मीटरचा फ्यूज जातो, घरच्या बोर्डावर केलं तर हातात स्फोट होतो. पहिल्या वर्षी मी दोन फ्यूज असेच घालवले, तेही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर.

पायरी दुसरी: गुणाकार करून बघा

९.४ मिलिअँपिअर म्हणजे ०.००९४ अँपिअर. त्याला ९८५ ओहमनं गुणा. ९.२६ येतात, म्हणजे जवळपास बॅटरीचे ९.३. हाच ओहमचा नियम:

व्होल्ट = अँपिअर × ओहम

पाठ करण्याआधी रेझिस्टर बदलून बघा. ४७० लावला की करंट दुपटीवर, वीस मिलिअँपिअरच्या आसपास जातो, म्हणून चकती आधीच २०० वर घ्या. २२०० लावला की चारच्या जवळ येतो. दाब तोच ठेवून अडसर दुप्पट केला की करंट निम्मा. हे हातानं पाहिलेलं पोरगं सूत्र उलटं लिहीत नाही.

हा नियम जर्मनीत एका शाळामास्तरानं शोधला, गेऑर्ग ओहम त्याचं नाव, कुलूपं करणाऱ्याचा मुलगा. वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन तो करंट मोजत बसला. पण त्या काळच्या बॅटरीचा दाब दर मिनिटाला हलायचा, आकडे जुळेनात. शेवटी बॅटरी सोडून त्यानं दोन धातूंच्या जोडाची एक बाजू उकळत्या पाण्यात आणि दुसरी बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला, आणि १८२७ साली पुस्तक छापलं. लोड टाकल्यावर दाब हलतो ही अडचण म्हणजे आपल्या डीपीपुरतीच (गावच्या ट्रान्सफॉर्मरपुरतीच) नाही.

रेझिस्टर फार बारीक ओहमचा लावू नका. ४७ ओहमचा लावला तर करंट ९ भागिले ४७, म्हणजे ०.१९ अँपिअर, त्याला ९ व्होल्टनं गुणलं की १.७ वॅट उष्णता. पाव वॅटचा जीव तो, धूरच निघेल. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे दुसरं सूत्र इथंच खिशात टाका, पुढं लागणार आहे.

पायरी तिसरी: टेबलावरचा आखाडा

हा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा. इथं घाई करू नका.

बॅटरीच्या अधिकला ४७० जोडा, त्याच्या पुढं १०००, आणि तिथून उण्याकडं परत. असं मानून चला की बॅटरी म्हणजे पोल, ४७० म्हणजे पोलापासून आखाड्यापर्यंत ओढलेली लांब वायर, आणि १००० म्हणजे मोटर. एकामागं एक असल्यानं ओहमांची बेरीज होते, १४७०. बॅटरी ९ व्होल्टची धरली तर करंट ९ भागिले १४७०, म्हणजे ६.१ मिलिअँपिअर, आणि तो दोन्हींतून तेवढाच जातो. एका ठिकाणी कमी, दुसऱ्या ठिकाणी जास्त असं नसतं.

आता १००० च्या दोन टोकांना व्होल्टेज मोजा. ६.१ आले. ४७० च्या टोकांना २.९. बेरीज परत ९. 'वायरी'नं जवळपास तीन व्होल्ट खाल्ले आणि 'मोटर'ला सहाच मिळाले.

आता १००० चं एक टोक सोडवा. मोटर बंद केली असं समजा. ४७० च्या पुढच्या टोकावर, जिथं मोटर जोडायची होती तिथं, उण्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजा.

पूर्ण ९.

४७० ओहम कुठंही गेलेले नाहीत. पण करंट शून्य, आणि शून्य गुणिले ४७० म्हणजे शून्य. वायर काहीच खात नाही. मीटरचा स्वतःचा अडसर लाखो ओहमचा असतो, त्यामुळं त्याच्यातून जाणारा करंट मोजण्यातही येत नाही. मामांच्या स्टार्टरपाशी मी जे २३० पाहिले ते हेच ९ होते. टोक परत जोडा, ६.१. सोडवा, ९. पाच-सात वेळा करा. मी दुकानातल्या प्रत्येक नव्या पोराकडून हे करून घेतो.

पायरी चौथी: वायरीचा हिशेब

तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर, म्हणजे दुकानात 'एक एमएम' म्हणून मिळणाऱ्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १८ ओहम असतो. अडीच एमएमचा साडेसात, चार एमएमचा ४.६. जाडी वाढली की त्याच प्रमाणात कमी. ॲल्युमिनियम घेतलं तर त्याच जाडीला दीडपटीहून जास्त.

पोल ते आखाडा २०० मीटर धरा. पण करंट जातो तसा परतही येतो, म्हणून वायर ४०० मीटर मोजायची. हे विसरलं की उत्तर निम्मं येतं. एक एमएम असेल तर १८ गुणिले ०.४, म्हणजे ७.२ ओहम. एक एचपीची सिंगल फेज बोअरची मोटर सात अँपिअरच्या आसपास घेते. ७ गुणिले ७.२, पन्नास व्होल्ट वायरीतच गेले! चार एमएम टाकली असती तर तेराच गेले असते. एसी मोटरचा हिशेब काटेकोर करायचा तर आणखी गणित लागतं, पण वायर जाड घ्यायची की बारीक हे ठरवायला एवढा ढोबळ आकडा पुरतो.

शिवाय वायरीत खाल्लेले ५० व्होल्ट गुणिले ७ अँपिअर म्हणजे ३५० वॅट. तेवढी वीज बिलाच्या मीटरमध्ये मोजली जाते आणि रानात नुसती वायर तापवते. परळीच्या औष्णिक केंद्राकडून निघणाऱ्या मोठ्या टॉवरलाईनवर लाखो व्होल्ट ठेवतात ते याच कारणानं: वॅट तेवढेच न्यायचे तर व्होल्टेज वाढवलं की करंट कमी होतो, आणि वायर खाते ती करंटच्या वर्गानं (करंट दुप्पट तर चौपट). गावात ११ हजारांची लाईन येते, डीपी ते उतरवून आपल्याला २३० देतो.

इथं हुशार माणूस अडवतो. "मिस्त्री, तुमच्या नियमानं व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी व्हायला पाहिजे. मग लो व्होल्टेजला मोटर जळते कशी?" प्रश्न बरोबर आहे. मोटर हा साधा रेझिस्टर नाही. फिरताना ती स्वतःच आतून उलटा दाब तयार करते आणि येणाऱ्या करंटला थोपवून धरते. व्होल्टेज पडलं की वेग घटतो, थोपवणं ढिलं पडतं आणि करंट उलट वाढतो. मोटर उचललीच नाही, नुसती गुरगुर करायलीय, तेव्हा तर हा विरोध जवळपास नसतोच. करंट नेहमीच्या पाच-सहा पट जातो. वर सुरुवातीच्या त्या मोठ्या करंटला वायर आणखी व्होल्ट खाते. म्हणून बारीक वायरीवरची मोटर उचलत नाही.

पिवळा बल्बसुद्धा नियम मोडल्यासारखा वागतो. शंभरचा बल्ब २३० व्होल्टवर पेटलेला असताना त्याचा रेझिस्टन्स ५२९ ओहम निघतो. थंड बल्बला मीटर लावला तर चाळीसच्या आसपास दिसतात. तार तापली की अडसर वाढतो, एवढंच. पण त्यामुळं बल्ब बहुतेकदा बटण दाबतानाच उडतो.

पायरी पाचवी: जोड

जुने वायरमन म्हणतात, वायर जळत नाही, जोड जळतो. आकड्यात बघा. हातानं पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडाला, पावसाळा खाऊन झाल्यावर, अर्धा ओहम सहज येतो. सात अँपिअरला साडेतीन व्होल्ट. एवढ्यानं मोटरला काही कळणार नाही. पण साडेतीन गुणिले सात, साडेचोवीस वॅट, आणि ते बोटाच्या पेराएवढ्या जागेत. दुकानात कथील वितळवायला मी जी सोल्डरिंग आयर्न वापरतो ती २५ वॅटची आहे.

घरच्या लाईटला हात लावण्याआधी

शरीराचाही रेझिस्टन्स असतो. कोरड्या हाताला तो बराच, पण रात्रीच्या पाळीची लाईट आली म्हणून ओल्या पायांनी रानात उतरलेल्या माणसाचा हजार-दोन हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखणारा स्विच, ०.०३ अँपिअर गळतीला सप्लाय तोडतो, यावरून अंदाज घ्या.

"अर्थिंग आहे ना" म्हणून निर्धास्त राहू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी होते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. समजा ५० ओहम झाला आणि मोटरची फेज (जिवंत वायर) बॉडीला लागली. २३० भागिले ५०, ४.६ अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) याला ओळखतसुद्धा नाही, कारण मोटर स्वतःच सात घेते. बॉडी आणि लोखंडी पाईप जिवंत राहतात. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं आणि आरसीसीबीही लावायचा, दोन्ही. आणि बॅटरीच्या पुढची मोजमापं पहिल्यांदा परवानाधारक वायरमनच्या शेजारी उभं राहूनच करा.

आता आखाड्यावर

मोटर दुसऱ्यांदा जळाल्यावर मी मामांकडून मजुरी घेतली नाही. मोटर भरली आणि या वेळी टाँग टेस्टर, म्हणजे वायर न तोडता करंट मोजायचा चिमटा, घेऊन गेलो. हा चिमटा एकाच वायरीभोवती घालायचा. दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसतं.

मोटर चालू ठेवून मोजलं. करंट ७ अँपिअर. पोलापाशी २२६ व्होल्ट. स्टार्टरपाशी १७२.

मामा म्हणाले, "सकाळी तर २३० होते की."

"मोटर बंद होती तेव्हा, मामा."

मधे ५४ व्होल्ट गेले होते. ५४ भागिले ७, ७.७ ओहम. वायर एक एमएम, पावलांनी मोजली तर दोनशे मीटर, म्हणजे तिचे स्वतःचे ७.२. अर्धा ओहम जास्तीचा होता, तो कुठंतरी असणार. सप्लाय बंद करून वायरीच्या कडेकडेनं चालत गेलो. लिंबाच्या फांदीवर एक जोड होता, त्याच्यावरची चिकटपट्टी वितळून गुळासारखी ओघळलेली.

आठ दिवसांनी मामांनी चार एमएमची सलग वायर ओढली, मधे एकही जोड न ठेवता. त्या दिवशी चालू मोटरवर स्टार्टरपाशी २१२ दिसले. जुनी एक एमएमची वायर जळका तुकडा कापून गोठ्यातल्या नऊ वॅटच्या एलईडी बल्बला लावली. तिथं करंट अँपिअरच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही, त्यामुळं तेवढ्याच लांबीची तीच वायर आता एक व्होल्टसुद्धा खात नाही.